दोनशे बारा नावं

“मॅडम, ट्रक आजच निघतोय. पाच वाजता.”

सायसिंगभाऊ दारातच उभे होते. मोटरसायकलवरून आल्यामुळे भुवयांपर्यंत धुळीने माखले होते. मी मान वळवली नाही. समोरचा कॉम्प्युटर तिसऱ्यांदा आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होत होता आणि मी पडद्यावर गोल फिरणाऱ्या ठिपक्यांकडे बघत होते.

“ट्रक गुरुवारी होता ना?”

“कारखाना लवकर सुरू झाला म्हणे. मुकादम सकाळीच गाडी घेऊन आलाय. फाट्यावर उभी आहे. पाड्यावर सगळे गाठोडी बांधतायत.”

ठिपके थांबले. पडदा निळा झाला. कॉम्प्युटर नीट सुरू होऊ शकला नाही, असं त्याने मला इंग्रजीत, फार सभ्यपणे कळवलं. घड्याळात साडेअकरा वाजले होते.

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. करून इचलकरंजीहून थेट सातपुड्यात आले होते, एका लहानशा संस्थेच्या दवाखान्यात, सिकलसेलच्या तपासणीसाठी. हा रक्ताचा आनुवंशिक आजार. आईबापांपैकी एकाकडूनच दोष आला, तर माणूस नुसता वाहक असतो. त्याला सहसा काही होत नाही. दोघांकडून आला तर मात्र आजार. अशा माणसाने उन्हात राबावं, पाणी कमी प्यावं, की गोल तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. आधी हाडं दुखतात. पुढे काय होईल ते सांगता येत नाही.

कुंडीपाड्यावरच्या दोनशे बारा माणसांचं रक्त आम्ही चार दिवसांत घेतलं होतं, घेत गेलो त्याच क्रमाने क्रमांक देत. मशीनमधून निकालाचे शेवटचे कागद त्याच सकाळी बाहेर पडले होते. वाहक सव्वीस. पूर्ण आजार एकाच व्यक्तीला. क्रमांक एकशे त्रेचाळीस, स्त्री, वय वीस.

नाव मला ठाऊक नव्हतं. ते ठाऊक नसणं हीच आमची पद्धत होती.

दोन वर्षांपूर्वी दुसरंच एक पथक पाड्यावर येऊन गेलं होतं. त्यांनी झाडाखाली बसून निकाल मोठ्याने वाचून दाखवले. पंधरा दिवसांत एका मुलीची ठरलेली सोयरीक मोडली. ती वाहकसुद्धा नव्हती, शेजारच्या घरातल्या त्याच नावाच्या मुलीचा निकाल तिच्या माथी बसला होता. त्यानंतर पाड्याने कुणाला बोटाला सुई लावू दिली नाही. सायसिंगभाऊ तिथलेच, दवाखान्यात वीस वर्षं आरोग्यसेवक. ते घरोघरी फिरले आणि पंचांसमोर शब्द देऊन आले: निकाल सायसिंगला कळणार नाही. मॅडमला नाव कळणार नाही. नावाची आणि निकालाची जोडणी मशीनच्या पोटात होईल आणि बंद पाकीट ज्याचं त्याच्या हातात पडेल. कागदावर यादी राहणार नाही. दुसरी प्रत असणार नाही.

म्हणून नावं सायसिंगभाऊंनीच संध्याकाळी एकटं बसून कॉम्प्युटरमध्ये घातली होती. मी त्या वेळी खोलीबाहेर उभी राहायचे. मला ती पद्धत फार आवडली होती. मनातल्या मनात मी तिला ‘आपला प्रोटोकॉल’ म्हणायचे.

“ट्रकमधून कोण कोण जाणार?” मी विचारलं.

“काम करणारं कुणी मागं राहत नाही, मॅडम. म्हातारे आणि शेळ्या राहतील.”

“किती दिवस?”

“ऊस संपेपर्यंत. सहा महिने.”

मी निळ्या पडद्याकडे बघत म्हटलं, “भाऊ, त्यातल्या एका माणसाने जाता कामा नये.”

ते आत आले, माठातलं पाणी प्यायले आणि स्टूल ओढून माझ्याकडे पाठ करून दारात बसले. “मग चालू करा ती पेटी,” ते म्हणाले.

डॉक्टर जीप घेऊन नंदुरबारला गेले होते. दवाखान्यात फोनला रेंज नव्हती. दवाखान्यात माझ्यापेक्षा कॉम्प्युटर जास्त कळणारं कुणी नव्हतं आणि मला कॉम्प्युटर बराच कळतो असं मला वाटत होतं.

मी पद्धतशीर सुरुवात केली. निळ्या पडद्यावर पर्याय होते, त्यांच्या आत आणखी पर्याय. पहिला, स्वतःच स्वतःची दुरुस्ती. वीस मिनिटं चक्र फिरलं आणि दुरुस्ती होत नाही, असं उत्तर आलं. दुसरा, आधीच्या चांगल्या दिवसावर परत जाणं. पण परत जाण्याजोगा एकही दिवस त्याने जपून ठेवलेला नव्हता. तिसरा पर्याय काळ्या खिडकीचा, जिच्यात हाताने हुकूम टाइप करायचे. आणि शेवटचा, सगळी ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने बसवण्याचा.

तो उघडला. आत दोनच ओळी. ‘कीप माय फाइल्स.’ ‘रिमूव्ह एव्हरीथिंग.’

“सापडलं!” मी म्हटलं. “सिस्टीम नवी बसेल आणि आपल्या फायली तशाच राहतील.”

“नक्की?”

“लिहिलंच आहे ना इथे.”

“लिहिलं आहे म्हणजे झालं,” ते पाठमोरेच म्हणाले. त्यात टोमणा होता की विश्वास, ते मला कळलं नाही.

मी बटण दाबलं. सव्वाबारा झाले होते.

एक टक्का. तीन टक्के. कॉम्प्युटर एकदा बंद होऊन सुरू झाला. पण आकडे पुढे सरकत राहिले. अकरा. एकोणीस. मी वहीत वेळ आणि टक्के लिहून गणित मांडलं. ह्या वेगाने अडीचला संपायला हवं होतं. मला जरा हायसं वाटलं. एक वाजून पाच मिनिटांनी, अडतीस टक्क्यांवर, वीज गेली.

पंखा मंदावत थांबला. टेबलाखालची बॅटरी टीं-टीं करू लागली.

“किती वेळ चालेल ती?” सायसिंगभाऊंनी विचारलं.

“मशीनसकट दहा मिनिटं.”

“आणि मध्येच बंद पडलं तर?”

“तर जुनं गेलेलं असेल आणि नवं आलेलं नसेल.”

मी मशीनची वायर उपटली. मग प्रिंटरची. वीज खाणारं आणखी काय उरलं, ह्याचा विचार करताना पडद्याकडे लक्ष गेलं. पडदासुद्धा बॅटरीवरच चालत होता. मी तो बंद केला.

आता आम्ही दोघं काळ्या काचेसमोर बसलो होतो. आत काम चाललं आहे की थांबलं आहे, हे कळायला मार्ग नव्हता. मी हात पेटीच्या लोखंडावर ठेवला. आतलं बारीक थरथरणं तळव्याला लागत होतं. दर पाच मिनिटांनी दोन सेकंदांसाठी पडदा लावायचा, आकडा बघायचा, बंद करायचा. एकेचाळीस. चव्वेचाळीस.

“माणूस आजारी असला की आम्हीही असंच करतो,” सायसिंगभाऊ म्हणाले. “छातीवर हात ठेवून बसतो. त्याने काही होत नाही.”

“बोलू नका ना भाऊ.”

“बोलायला वीज लागत नाही.”

सव्वीस मिनिटांनी बॅटरीचा आवाज सलग झाला. मी डोळे मिटले. काही सेकंदच गेले असतील. डोक्यावरचा पंखा कुरकुरला आणि फिरू लागला. पेटी अजून थरथरत होती. मी पडदा लावला. सत्तेचाळीस.

कॉम्प्युटर सुरू झाला तेव्हा तीनला दहा कमी होते. निळ्या पडद्याच्या जागी डोंगराचं एक परदेशी चित्र आलं. मी टाळी वाजवली, सायसिंगभाऊ वळून हसले. चित्रावर एकच नवी फाइल होती. काढून टाकलेल्या प्रोग्रॅमची यादी, असं तिचं नाव. मी ती सहज उघडली. तिसऱ्या ओळीत आमच्या मशीनचा प्रोग्रॅम होता.

मी नावांची यादी शोधली. सगळ्या कप्प्यांत शोधली, दोनदा. माझ्या नावाचा कप्पा जसाच्या तसा होता. माझा एम.एस्सी.चा प्रबंध होता, मावसबहिणीच्या लग्नाचे फोटो होते, तीन ठिकाणी पाठवलेले नोकरीचे अर्ज होते. ‘माझ्या फायली’ त्याने इमानाने जपल्या होत्या. पण नावांची यादी मशीनचा प्रोग्रॅम उघडून त्यातच घातलेली होती आणि तो प्रोग्रॅम तिला आपल्या पोटातच ठेवत होता. प्रोग्रॅम गेला, यादी गेली. पाड्यावर शब्द दिला होता तसं अगदी मशीनच्या पोटात.

पुढे कामानिमित्त मी असे कितीतरी कॉम्प्युटर पुन्हा उभे केले. प्रत्येक वेळी आधी त्या काळ्या खिडकीत जाऊन सगळं पेनड्राइव्हवर उतरवून घेते, मगच शेवटच्या पर्यायाला हात लावते. ती खिडकी त्या दिवशीही तिथेच होती. मी ती वाचून पुढे गेले होते.

“भाऊ,” मी म्हटलं, “नावं गेली.”

त्यांनी घड्याळाकडे बघितलं. तीन.

“एक मार्ग आहे,” मी म्हटलं. “मी तुम्हाला क्रमांक सांगते. तुम्हीच नावं घातली होती, तुम्हाला आठवेल कुणाचा—”

ते इतक्या झटक्यात उठले की स्टूल पडलं. “नको! मला नका सांगू!”

“भाऊ, एका बाईचा जीव—”

मी ‘बाई’ म्हणून गेले आणि जीभ चावली. तेही थबकले.

“झालं तेवढं बास,” ते हळू म्हणाले. “मॅडम, मला कळलं की ते माझ्या तोंडावर दिसेल. मी त्या पाड्यात राहतो. त्या बाईसमोरून रोज जातो. मी काही बोललो नाही तरी माझी बायको माझ्या तोंडाकडे बघून ओळखेल. मी शब्द दिलाय.”

“मग मला नाव कळू दे. क्रमांक माझ्याकडे आहे. नाव मला कळलं तर चालेल?”

त्यांनी विचार केला. “तुम्हाला आमच्यात सोयरीक करायची आहे का?”

“नाही.”

“मग चालेल.” ते जरासे हसले. “पण नाव सांगणार कसं? क्रमांक मी विचारणार नाही.”

आणि मग आम्हाला दोघांना एकदमच ते सुचलं. निदान मी आजवर तसंच सांगत आले आहे. खरं तर आधी तेच बोलले.

“मी सगळीच सांगतो. रक्त घेत गेलो तसा घराघराने. माझ्या पायांना वाट आठवते, मॅडम, आकडे नाही. तुम्ही लिहून घ्या. फक्त एक अट.” त्यांनी स्टूल उचललं, भिंतीकडे तोंड करून ठेवलं. “मध्ये थांबायचं नाही. तुम्ही जिथे थांबाल तिथे मला कळेल. सगळी नावं होईपर्यंत एकसारखं लिहायचं.”

“दोनशे बारा?”

“दोनशे बारा.”

मी नव्याने उभ्या राहिलेल्या कॉम्प्युटरवर कोरं पान उघडलं. मराठी अक्षरं अजून बसवलेली नव्हती, म्हणून रोमन लिपीत टाइप करायचं ठरवलं. पानाच्या तळाशी, आपण कितव्या ओळीवर आहोत तो आकडा बारीक दिसत होता. मी त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि त्याच्याकडेच बघत राहिले.

“नाल्याच्या अलीकडचं घर,” भिंतीला उद्देशून सायसिंगभाऊ म्हणाले. “भायसिंग. त्याची बायको जामना. त्याचा बाप. बापाचं नाव बुध्या, बैलवाला बुध्या लिहा, बुध्या अजून तीन आहेत. पुढचं घर. करमसिंग. करमसिंगची आई रडली होती, सुई बघून. तिचं नाव सकरी.”

ते खरोखर चालत होते. मधेच म्हणायचे, “थांबा, इथे कुत्रं आहे, मागून गेलो होतो आपण,” आणि घराचा क्रम बदलायचे. कुणी बाजाराला गेला होता म्हणून त्याचं रक्त दुसऱ्या दिवशी घेतलं, तर तो दुसऱ्या दिवशीच येत होता. चाळिसाव्या ओळीला सव्वातीन झाले होते. शंभराव्याला साडेतीन. माझी बोटं आखडली होती. बाहेर कुठेतरी ट्रकचा हॉर्न वाजल्याचा मला भास होत होता. सहा किलोमीटरवरून तो ऐकू येणं शक्यच नव्हतं.

“आता माझं घर,” ते त्याच सुरात म्हणाले. “माझी बायको, गेंदी. मुलगा रुमालसिंग. त्याची बायको रेहमी. आता पलीकडचं घर, नवीन छपराचं. भावलालची बायको खेमी. भावलाल स्वतः.”

खेमीचं नाव टाइप करताना तळाशी एकशे त्रेचाळीस होता. मी एंटर दाबलं. भावलाल. एंटर. खेमी, नवीन छपराचं घर. आत्ता उठून पळत सुटावं असं वाटत होतं. अडुसष्ट नावं अजून बाकी होती. सायसिंगभाऊंची पाठ हलली नाही. ते टेकडीवरच्या घरांकडे चालत निघाले होते आणि मी त्यांच्यामागे टाइप करत होते, त्याच वेगाने, कीबोर्डचा आवाजसुद्धा बदलू न देता.

“आणि शेवटचा शाळेचा वॉचमन, सुकऱ्या. झालं.”

चार वाजून सात मिनिटं. मी तळाशी बघितलं. दोनशे अकरा.

“भाऊ, एक कमी आहे.”

“असं कसं?”

“दोनशे अकराच झाली.”

राहिलेलं नाव एकशे त्रेचाळीसच्या नंतरचं असेल, तर काही बिघडत नव्हतं. आधीचं असेल, तर खेमी एकशे त्रेचाळीस नव्हतीच. निकालांच्या कागदांवर प्रत्येक क्रमांकापुढे स्त्री-पुरुष आणि वय छापलेलं होतं. मी गठ्ठा ओढला आणि अगदी वरचा कागद बघितला. क्रमांक एक. पुरुष, वय एक्कावन्न.

“भायसिंगचं वय काय?”

“भायसिंग? पंचवीस असेल.”

“मग पहिलं रक्त कुणाचं घेतलं होतं?”

ते भिंतीकडे बघत बसले. मग एकदम वळले आणि कपाळावर हात मारून हसायला लागले. लिहायला बसल्यापासून पहिल्यांदाच त्यांचं तोंड माझ्यासमोर आलं.

“मी! मॅडम, मीच राहिलो! लोक घाबरत होते म्हणून पहिली सुई मी टोचून घेतली. सगळ्यांना मोजलं आणि स्वतःला विसरलो. लिहा, वरती लिहा. सायसिंग.”

ते हसत माझ्याकडे बघत होते. मी पानाच्या अगदी वर गेले, त्यांचं नाव टाइप केलं, एंटर दाबलं. सगळी यादी एका ओळीने खाली सरकली. मी हळूहळू खाली उतरत गेले. एकशे चाळीस. एकशे एकेचाळीस. एकशे बेचाळीस, रुमालसिंग.

खालच्या ओळीवर मी थांबले नाही. तशीच शेवटपर्यंत गेले. दोनशे बारा.

“जुळलं?” सायसिंगभाऊंनी विचारलं.

“जुळलं,” मी म्हटलं. “चला.”

मोटरसायकलवर मी त्यांच्यामागे बसले होते. वळणावळणांवर त्यांचा सदरा फडफडून माझ्या तोंडावर येत होता. त्यांच्या डोक्यामागचे पांढरे केस मला एकेक दिसत होते. फाट्याच्या अलीकडच्या वळणावर त्यांनी गाडी थांबवली.

“मॅडम, एका बाईला तुम्ही ट्रकमधून खाली उतरवलंत, की ट्रकभर बभ्रा होईल. मी काय म्हणतो, मी ओरडून सांगतो: दवाखान्यात कार्डं लिहायला बाई हवी आहे. आठ-दहा जणींना बाजूला घ्या. विचारा काहीतरी. पाहिजे ती ठेवून घ्या.”

“तिला लिहिता येत नसेल तर?”

“माणूस तुम्ही निवडा. काम मी शोधतो.”

“पण मग तुम्हाला कळेलच की कोण ते.”

“मला एवढंच कळेल, की एका बाईला नोकरी लागली,” ते म्हणाले आणि त्यांनी गिअर टाकला.

ट्रक भरत आला होता. भांडी, गोधड्या, खुराड्यात कोंबड्या, मुलं, पेंढ्यांसारखे बांधलेले कोयते. मुकादम खाली उभा राहून नावं पुकारत होता. सायसिंगभाऊंनी टायरवर चढून त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. हशा पिकला, चार-पाच जणी तर लगेच उड्या मारून खाली आल्या. मग ते उतरले आणि लांब जाऊन, आमच्याकडे पाठ करून, मोटरसायकलची साखळी तपासत बसले.

ट्रकच्या मागे मी एकेकीला बोलावलं. किती शिकलीस, वाचता येतं का, सही करून दाखव. तिसरी खेमी होती; तिने फार छान अक्षरात नाव लिहून दाखवलं आणि मी तिला नाही म्हटलं. सातवी रेहमी. हिरवी साडी, मनगटं बारीक, डोळ्यांत पिवळट झाक. सकाळपासून मी तिला शोधत होते आणि ती पहिल्यापासून आमच्या दवाखान्यातल्या माणसाच्याच घरात होती.

“किती शिकलीस?”

“नववी. आश्रमशाळेत.”

मी आवाज उतरवला आणि तिला सांगितलं. जेवढं थोडक्यात सांगता येईल तेवढं. ती ऐकत राहिली. घाबरली नाही.

“थंडीत गुडघे सुजतात, ते हेच?” तिने विचारलं.

“हेच.”

“आई म्हणायची, लग्न होईपर्यंत कुणाला बोलू नको.” तिने ट्रकच्या कडेने पलीकडे बघितलं. साखळीवर वाकलेली पाठ तिथून दिसत होती. “सासऱ्याला सांगितलंत?”

“नाही. मी कुणालाच सांगणार नाही. सांगायचं की नाही, ते तू ठरव. पण आज ह्या ट्रकमध्ये बसू नकोस.”

“नवरा एकटा कसा जाईल? दोघांचा मिळून एक कोयता धरतात.”

मी आणखी तीन जणींना विचारल्यासारखं केलं, मग पुढे येऊन जाहीर केलं, “रेहमी रुमालसिंग. हिला ठेवतोय.”

ट्रकवरून एक म्हातारी खणखणीत आवाजात काहीतरी म्हणाली आणि सगळे खदखदले. कुणीतरी माझ्यासाठी ते मराठीत करून दिलं: “रक्त आमचं आणि नोकरी सायसिंगच्या घरात!”

“ठरवूनच आणलंय मॅडमला!”

“वीस वर्षं दवाखान्यात काढली, काहीतरी वसूल करणारच की!”

सायसिंगभाऊ सावकाश उठले. हाताचं काळं वंगण त्यांनी पायजम्याला पुसलं. माझ्याकडे त्यांनी बघितलंच नाही. त्यांनी रेहमीकडे बघितलं आणि बघत राहिले. ती मान खाली घालून उभी होती. ते कितीसे क्षण असतील? पण त्यांच्या चेहऱ्यावर मला एकेक गोष्ट जागेवर बसताना दिसली. आणि मग त्यांनी ते सगळं चेहऱ्यावरून पुसून टाकलं.

“हो, माझीच सून आहे,” ते ट्रककडे वळून मोठ्याने म्हणाले. “नववी शिकली आहे. मग लावणार नाही का नोकरी? तुमची कुणी असती तर तुम्ही काय केलं असतं?”

“थू तुझ्यावर, सायसिंग,” म्हातारी म्हणाली. हे मराठीत करून द्यावं लागलं नाही.

“ते सगळं ठीक आहे,” मुकादम पुढे आला. “माझा कोयता मोडला त्याचं काय? रुमालसिंगबरोबर मोळ्या कोण बांधणार?”

“मी.”

“तू? म्हाताऱ्या, डोक्यावर मोळी घेऊन फळीवर चढशील का?”

“तू शाळेत होतास तेव्हा मी चढत होतो. नाव लिही.”

“भाऊ,” मी पुढे झाले, “दवाखान्याचं काय?”

“लिहायला बाई मिळाली ना तुम्हाला,” ते म्हणाले.

रुमालसिंग ट्रकवरून बापाकडे बघत होता. त्याला काहीच उमगत नव्हतं. सायसिंगभाऊंनी मोटरसायकलची किल्ली माझ्या हातात ठेवली, चाकावर पाय देऊन वर चढले आणि रेहमीने ठेवलेल्या गाठोड्यावर बसले. तिचं गाठोडं त्यांनी खाली दिलं नाही. त्यातलं काही लागेल की नाही हेही विचारलं नाही. ट्रक सुरू झाला. मागच्या फळीवर हात टेकून ते वाकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सुनेला म्हणाले,

“घरी जाऊन सासूला सांग, उद्यापासून नदीचं पाणी दुसरं कुणीतरी आणेल. तुझी नोकरी बसून करायची आहे.”